तपासनीस बाईंना सांगू नकोस

७ सप्टेंबर

ती. ताईंना सा. नमस्कार.

आज शनिवार. सहाला उठले. नऊच्या बसने ग्रंथालयात गेले. दहाला खोली उघडून मिळाली. यादीत अकरा नावं होती, नऊ जण आले. एकला संपलं. घरी येऊन जेवले आणि थोडी पडले.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून लिहिते. ह्यांचा वर्ग मी पुढे चालवायला घेतला आहे. दहा शनिवारांचा होता. चार ह्यांनी घेतले आणि पाचव्याच्या आधीच्या मंगळवारी हे गेले. मधले तीन शनिवार खोली बंद राहिली. ग्रंथपाल फोन करून म्हणाले, "बाई, लोक विचारतात. संपला असं फलकावर लिहू का?" मी नको म्हणाले. का म्हणाले ते मलाही सांगता येणार नाही.

शिकवणं माझं काम नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासते. चूक शोधायची, कागदावर लिहायची, लिहिणाऱ्याच्या टेबलावर ठेवायची. शिकवणारे हे होते. निवृत्त झाल्यावर भूगोलाच्या मास्तरांनी माझी जुनी पुस्तकं काढून प्रोग्रामिंग शिकायचं आणि ते नवख्यांना शिकवायचं, आणि मी घरात बसून दुसऱ्या कुणाच्या तरी चुका काढायच्या, हेच ठीक चाललं होतं.

पहिली चाळीस मिनिटं पासवर्डांत गेली. एकाही कीबोर्डवर अवतरणचिन्ह एका जागी नाही. बसचे एक निवृत्त कंडक्टर आहेत, ते एका बोटानं तिकीट फाडल्यासारखे टाइप करतात. एका बाईंनी, त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, आकडे मराठीतून टाकले आणि यंत्रानं लाल ओळ दाखवली. पाच तो पाचच, मग मराठीत लिहिला की यंत्राला का कळत नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "कळत नाही, एवढं खरं." त्या "बरं" म्हणून पुन्हा पहिल्यापासून टाकायला लागल्या.

उरलेल्या सहा शनिवारांची पानं ह्यांनी आधीच करून ठेवली होती, पान पाच ते पान दहा. पानावर एक छोटा प्रोग्राम आणि खाली दोन-चार ओळी. त्यांत टायपिंगचं किरकोळ काही होतं, ते नीट करून मी छापून नेलं. सगळ्यांचे प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालले. कुणी काही विचारलं नाही. अर्ध्या तासात सगळे हात बांधून घड्याळाकडे बघत बसले.

तुमचं औषध वेळेवर घेताय ना?

तुमची,
वहिनी


११ सप्टेंबर

चि. वहिनीस अनेक आशीर्वाद.

वर 'चि.'च्या पुढे सवयीनं एक अक्षर लिहून गेले होते, ते खोडलं आहे. दिसलं तर दिसू दे. मला दुसरा कागद घ्यायचा नव्हता.

तुझं पत्र आलं. एकही खाडाखोड नाही. दर वेळी वाटतं, सरकारी नोटीस आली. तू आधी कच्चं लिहून मग पक्कं लिहितेस ना? माझा धाकटा भाऊ मला सांगायचा, "किराण्याची यादीसुद्धा ती पक्की करून घेते."

वर्ग घेतलास हे वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले. शेजारीण म्हणाली, "आजी, वाईट बातमी का?" म्हटलं, "नाही गं, चांगली आहे, पचायला वेळ लागतोय."

पण मला एक सांग. वर्गात गलका झाला का? धाकटा दर पत्रात गलक्याबद्दल लिहायचा. ग्रंथपाल दोनदा दारात येऊन "शूऽऽ" करून गेले, असं लिहायचा. माझी सदतीस वर्षं पहिली ते चौथी शिकवण्यात गेली. वर्ग गप्प बसला की मी पहिलं म्हणजे खिडकी उघडायची आणि दुसरं, आपलं काय चुकतंय ते बघायची. तुझे लोक तुझ्याकडे बघून गप्प बसले असतील. घरात दुःख झालेल्या बाईला प्रश्न कसे विचारायचे, असं वाटलं असेल. एक-दोन शनिवार जाऊ देत.

आणि पानांत 'किरकोळ काही' होतं म्हणजे नक्की काय? मला 'किरकोळ' हा शब्द दिसला की संशय येतो. पोरं पाटी फोडून आली की हाच शब्द वापरायची.

औषध घेते. तू जेवतेस का?

तुझी ताई


१५ सप्टेंबर

ती. ताईंना सा. नमस्कार.

काल सहावा शनिवार. सहा जण आले. तीन जण न कळवता गैरहजर. खोलीतला पंखा बंद होता. सव्वाबाराला सगळं संपलं.

गलका झाला नाही. कसला होणार? मी पान वाटते, ते बघून टाइप करतात, चालतं, ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते. हातातलं पान काढून घेतलं तर एकालाही दोन ओळी स्वतःच्या लिहिता येत नाहीत. मी फळ्यावर सगळं सविस्तर समजावलं. प्रत्येक चिन्ह का आहे ते सांगितलं. दातांचे एक डॉक्टर येतात, ते वहीत भराभर लिहून घेतात आणि मान डोलावतात. शेवटी त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं पटलं. पण मला काय येतं ते विचारू नका."

कंडक्टर तर तोंडावरच म्हणाले, "सर होते तेव्हा मजा यायची हो. आमचं रोज अडायचं."

"आता अडत नाही, हे चांगलं नाही का?"

"चांगलंच आहे की," असं म्हणाले आणि पिशवी आवरायला लागले.

बाहेर पडताना ग्रंथपालांनी थांबवलं. शनिवारी त्या खोलीवर बुद्धिबळवाल्यांचा डोळा आहे. सहापेक्षा कमी लोक असतील तर खोली देता येत नाही, असा नियम आहे म्हणे. ह्यांनी दहा शनिवार करीन असं लोकांना सांगितलं होतं. ते मध्येच पडलेलं मला बघवणार नाही.

तुम्ही विचारलं म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते. ह्यांच्या पानांत चुका होत्या, आणि त्या किरकोळ नव्हत्या. पाचव्या पानावर एक ते दहा मोजायचं होतं, तर प्रोग्राम नवावर थांबत होता. सहाव्यावर कंस उघडला होता आणि मिटलाच नव्हता. सातव्यावर 'एकूण' हा शब्द रोमन अक्षरांत एकदा दोन 'ओ' घालून लिहिलेला, खाली 'यू' घालून. माणूस दोन्ही वाचून एकच समजतो, यंत्राला ती दोन वेगळी नावं वाटतात. आठव्यावर 'पेक्षा मोठा'च्या चिन्हाऐवजी 'पेक्षा लहान'चं. एकही पान धड नाही. फाइलींवर जुलैच्या तारखा आहेत.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "गेल्या महिन्या-दोन महिन्यांत काही जाणवलं का? विसरणं, शब्द चुकणं, लिहिण्यात गोंधळ?" मी ठाम नाही म्हणाले. त्यांनी तसं लिहून घेतलं.

ताई, मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. आणि पलीकडच्या खोलीत माझा नवरा पानामागून पान चुकत होता, ते मला दिसलं नाही. एकदा तरी विचारायचं होतं, काय लिहिताय बघू. विचारलं असतं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला वाटायचं, ह्यांचा हा खेळ आहे, खेळू देत.

सगळ्या चुका काढून टाकल्या. लोकांना त्या दिसू नयेत म्हणून. तुम्हालाही दिसू नयेत म्हणून.

तुमची,
वहिनी


२० सप्टेंबर

वहिनी,

काल तुझं पत्र आलं. आज सकाळी पोस्ट उघडायच्या आधी हे लिहिते आहे. मोठ्या पाकिटातून सहा पानं पाठवते आहे, आधी ती बघ आणि मग हे वाच. नको, आधी हेच वाच.

त्यानं त्या चुका मुद्दाम केल्या होत्या. प्रत्येक पानावर एक.

मला पत्रातून त्यानं हे शिकवलं, ठाऊक आहे तुला? माझ्याकडे यंत्र नाही. तो म्हणाला, "पेन्सिलीनं चालव, एकेक ओळ." मी त्याची पहिली विद्यार्थिनी. जुलैत ही सहा पानं त्यानं मला चुका शोधायला पाठवली. सोबत चिठ्ठी होती, तीही पाकिटात आहे. ती तुला दाखवायची नाही असं त्यानं लिहिलंय, आणि म्हणून मी आजवर गप्प होते. तू 'किरकोळ' लिहिलंस तेव्हाच मला शंका आली होती, तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याचा शब्द पाळायच्या नादात मी तुला एक पत्रभर ताटकळत ठेवलं. ही माझी चूक, आणि ती मुद्दाम केलेली नाही.

ही युक्ती त्यानं माझ्याकडून उचलली. मी एकोणिसाव्या वर्षी शाळेत लागले तेव्हा तो माझ्याच वर्गात चौथीत होता. मी रोज फळ्यावर एक शब्द चुकीचा लिहायची. पोरं वाट बघत बसायची. सापडला की "बाई चुकल्याऽऽ" म्हणून छप्पर डोक्यावर घ्यायची. ज्याला सापडला त्यानं फळ्यापाशी येऊन तो दुरुस्त करायचा. चूक सापडायला आधी सगळं नीट वाचावं लागतं, एवढंच त्यात होतं.

एक दिवस शाळा तपासायला साहेब आले. फळा बघितला. शेरेबुकात लिहिलं, 'शिक्षिका फळ्यावर अशुद्ध लिहितात.' धाकटा बाकावर उभा राहून ओरडला, "ती मुद्दाम चुकते!" साहेब म्हणाले, "खाली बस." झालं. तो शेरा माझ्या नोकरीभर राहिला. आमच्या घरात मग जो कुणी चुका काढील तो 'तपासनीस'.

तू वाईट वाटून घेऊ नकोस.

ताई


२१ सप्टेंबर

ती. ताईंना सा. नमस्कार.

आज सातवा शनिवार. चार जण आले. तुमचं उत्तर अजून आलेलं नाही. माझं मागचं पत्र वाचून तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा.

ग्रंथपालांनी दारातून माणसं मोजली, बोटानं, माझ्यासमोर. म्हणाले, "पुढचा शनिवार बघू. मग माझ्याही हातात काही नाही." शिवणकामाच्या बाईही आज आल्या नाहीत. कंडक्टर आले, पण त्यांनी पेपर आणला होता.

वहिनी


२५ सप्टेंबर

ती. ताईंना सा. नमस्कार.

काल ऑफिसातून आले तर पाकीट दारात होतं. चिठ्ठी वाचली. तुमच्याकडे राहिलेली नाही म्हणून उतरवून देते: "ताई, सहा पानं पाठवतोय. प्रत्येकात एक किडा सोडला आहे. पेन्सिल घेऊन बस. तुला सापडला तर माझ्या लोकांनाही सापडेल. तपासनीस बाईंना यातलं काही सांगू नकोस. त्यांची नजर पडली तर एकही जिवंत राहायचा नाही."

मला राग आला. तुम्हाला वाटलं असेल मी रडेन. मी स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच मोठ्यानं बोलले, जे मी कधी करत नाही. तीस वर्षं हे मला तपासनीस म्हणायचे. माझ्या ऑफिसच्या पाटीवरही तेच लिहिलंय, म्हणून मला ती कौतुकाची हाक वाटायची. ती त्या साहेबाची आठवण होती. आणि मी अगदी तसंच केलं. पानं बघितली, शेरा मारला, खोडलं. विचारलं नाही.

खोडलं तेही असं की मागे काही उरलं नाही. ऑफिसात एक ओळ बदलायची तर मी आधीची प्रत ठेवायला लावते. न ठेवणाऱ्याला सगळ्यांसमोर बोलते. घरी मी ह्यांच्या फाइलींवरच माझ्या फाइली चढवल्या. तुमच्याकडचे कागद नसते तर ह्यांनी शेवटी केलेली गोष्ट जगात कुठेच नसती, आणि ती मी पुसली असती, स्वच्छ केली म्हणून.

मन हलकंही झालं. ते लिहायला मला लाज वाटते. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं नव्हतं, असं पाच पानांपर्यंत तरी वाटलं.

पण दहावं पान बघा, म्हणजे आठवून बघा. त्यात 'शेवटी' हे नाव रोमन अक्षरांत दोन तऱ्हांनी लिहिलंय, तो ठरलेला किडा. पण पानाच्या तळाशी एक ओळ आहे: 'आता पान उलटा आणि'. तिथेच संपते. पूर्णविराम नाही. मागची बाजू कोरी आहे. मी टायपिंगचं अर्धवट राहिलंय असं समजून ती ओळ काढून टाकली होती. ह्यांनी एका पानात एकच म्हटलं आहे. मग ही दुसरी कोणती? तुम्हाला ती सापडली होती का? त्याबद्दल ह्यांनी तुम्हाला काही लिहिलं का? एवढं मला कळवा. बाकी काही नको.

आठवं पान आता तुमच्या प्रतीवरून छापते. न येणाऱ्यांना फोन केले. फोन करणं मला जड जातं. आधी कागदावर वाक्य लिहून घेतलं.

वहिनी


२९ सप्टेंबर

ती. ताईंना सा. नमस्कार.

काल आठवा शनिवार. सात जण आले. ग्रंथपालांनी मोजलं आणि गेले.

पान वाटताना माझा हात अडत होता. चूक आहे हे माहीत असलेला कागद मी आयुष्यात कुणाच्या हातात दिलेला नाही. आठव्या पानावर बसच्या तिकिटाचा प्रोग्राम आहे. वय टाकायचं, साठच्या वर असेल तर सवलत. चिन्ह उलटं असल्यामुळे सवलत तरुणांना मिळते. मी फक्त म्हणाले, "स्वतःचं वय टाकून बघा," आणि खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. सांगून टाकायचा मोह इतका होता की मी हात पाठीमागे धरले.

दहा मिनिटं काही नाही. मग कंडक्टर जवळजवळ ओरडलेच, "अहो बाई! ह्यानं मला फुल तिकीट लावलं!"

शिवणकामाच्या बाई म्हणाल्या, "मला सवलत मिळाली."

"तुम्हाला कशी? तुमचं वय काय?"

"ते मी यंत्राला सांगितलंय, तुम्हाला कशाला सांगू?"

"चौतीस वर्षं गाडीवर होतो मी. हे तिकीट चुकीचं आहे. बाई, तुमचं चुकलंय!"

"कुठे चुकलंय ते दाखवा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

मग सगळे कंडक्टरांच्या पडद्याभोवती गोळा झाले. कुणी म्हणे साठचा आकडा बदला, कुणी म्हणे ओळींची अदलाबदल करा. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं, "ह्या चिन्हाचं तोंड बघा. शिलाई उलट्या बाजूनं घातलीय." कंडक्टरांनी ते बदललं, त्यांना सवलत मिळाली, आणि खोलीत जो आवाज झाला त्यानं ग्रंथपाल दारात आले. "शूऽऽ," म्हणाले. ताई, मला तुमचं पत्र आठवलं आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

सगळंच गोड झालं असं समजू नका. दातांचे डॉक्टर चिडले. "म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकीचं पान दिलंत? मी शनिवारचे पेशंट सोडून येतो." मी समजावायला गेले ते मला नीट जमलं नाही. ते वही मिटून गेले, परत येणार नाहीत. त्यांचंही चूक नाही. माझी सगळी हयात त्यांच्याच बाजूनं गेली.

दहाव्या पानाचं लिहा.

वहिनी


३ ऑक्टोबर

वहिनी, आशीर्वाद.

दोन दिवस तुला काय लिहू याचा विचार केला. 'हो, मला माहीत होतं, तीही मुद्दामच होती' असं लिहून टाकावं असं मनात आलं. कागद घेतलाही. पण तपासनीस बाईंशी खोटं बोलून माझा निभाव लागणार नाही.

मला ती सापडली नव्हती. मी 'शेवटी'चा किडा पेन्सिलीनं पकडला आणि खूश होऊन त्याला कळवलं. तळाची ओळ मी वाचलीसुद्धा नसेल. त्याचं त्यावर पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, "दहावं बरोबर. पण पूर्ण बरोबर नाही." मला वाटलं, तो माझ्या अक्षराला चिडवतोय. पुढे विचारायचं राहून गेलं.

तर आता तूच ठरव. 'पूर्ण बरोबर नाही' म्हणजे ती ओळ त्याला माहीत होती, असं म्हणता येतं. माझ्या अक्षराला चिडवलं असंही म्हणता येतं. किंवा तू जेवायला हाक मारलीस आणि तो उठून गेला. तो कुठल्याही हाकेला अर्धं वाक्य टाकून उठायचा, लहानपणापासून. शाळेतले त्याचे निबंध असेच असायचे.

डॉक्टरांनी तुला विचारलं आणि तू जे बघितलं होतंस ते सांगितलंस. मी सहाही पानं हातात घेऊन बसले होते, मलाही काही दिसलं नाही. तुला दोष द्यायचा तर आधी माझा नंबर.

आणि 'तपासनीस'चं. कौतुकाचीच हाक होती गं. थोडी भीतीचीही. लग्न ठरल्यावर तो मला म्हणाला होता, "ताई, आता घरात कुणीतरी आहे जिच्या हातून काही निसटणार नाही." खूश होता. मी तेव्हाच म्हटलं, "मग तुझं काही खरं नाही."

ताई


१३ ऑक्टोबर

ती. ताईंना सा. नमस्कार.

काल दहावा शनिवार. सहा जण आले. वर्ग संपला.

हे पत्र कच्चं न लिहिता थेट लिहिते आहे. खाडाखोड दिसेल.

नववा बरा गेला. किडा शिवणकामाच्या बाईंना पहिल्या पाच मिनिटांत सापडला आणि बाकीच्यांना त्याचा राग आला. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी तुमची पानं समोर ठेवून ह्यांच्या फाइली परत तयार केल्या, चुकांसकट. 'एकूण' दोन तऱ्हांनी लिहायला गेले तर हात आपोआप एकाच तऱ्हेनं लिहायचा. तीनदा खोडावं लागलं. मग चुका बरोबर आहेत ना, हे मूळ कागदाशी ताडून बघितलं. दोनदा बघितलं. ह्यांना हे कळलं असतं तर मला चिडवायला आठवडाभर पुरलं असतं.

दहाव्या पानावरची ओळ होती तशी ठेवली. पूर्णविराम दिला नाही.

काल 'शेवटी'चा किडा सापडल्यावर कंडक्टर तळाची ओळ वाचायला लागले. मोठ्यानं वाचतात ते. "आता पान उलटा आणि..." त्यांनी पान उलटलं. "कोरं आहे की."

"हो."

"मग ह्यात चूक कुठली?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे आम्ही शोधायची?"

"मलाच माहीत नाही. सरांनी ते तसंच ठेवलंय."

मग शिवणकामाच्या बाईंनी पेन्सिल घेतली आणि त्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. माप टाकलं की शर्टाला कापड किती लागेल ते सांगणारा प्रोग्राम. त्यांनी स्वतःच काढला, मी काही सुचवलं नव्हतं. टाइप करून चालवला तर चालला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा चालला आणि त्यानं एका शर्टाला चाळीस मीटर कापड सांगितलं. कंडक्टर म्हणाले, "हत्तीचा असेल." बाई त्यांच्याकडे न बघता पुन्हा वरून एकेक ओळ पेन्सिलीनं वाचायला लागल्या. एक वाजून गेला तरी कुणी उठेना. ग्रंथपालांनी किल्ल्या वाजवल्या.

अकरा जणांनी नावं दिली होती, सहा जण शेवटपर्यंत राहिले. पाच गेले, त्यांतले निदान तीन माझ्यामुळे. माझ्या ऑफिसात असा निकाल आला असता तर मी काम परत पाठवलं असतं. ग्रंथपालांनी विचारलं, "पुढच्या खेपेला नाव कुणाचं लिहू?" मी म्हणाले, कळवते. खोलीत एकटी राहून मी सगळी यंत्रं बंद केली. शिवणकामाच्या बाईंचं शेवटचं केलं. त्यांचा चाळीस मीटरवाला प्रोग्राम तसाच जपून ठेवला.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही. रोज एकदा तरी ती ओळ डोळ्यांसमोर येते. कधी वाटतं ह्यांनी मुद्दाम केलं, कधी वाटतं मी जेवायला बोलावलं. त्या दिवशी काय केलं होतं जेवायला, तेही आठवत नाही. ह्यात कुणाला काही दुरुस्त करता येईल असं दिसत नाही.

तुमच्या पहिल्या पत्रातलं खोडलेलं अक्षर मला वाचता आलं होतं. त्याबद्दल काही लिहायचं होतं, पण राहू दे.

तुमची सहा पानं परत पाठवत नाही. त्यांची एक प्रत काढून पाठवते. चिठ्ठीचीही.

हे पत्र मी पुन्हा वाचणार नाही. पाकीट चिकटवते आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते. येताना दूध आणायचं आहे.

तुमची,
तपासनीस